आधी मेहनत, मग मर्दन: मराठवाड्यातील व्यायाम आणि मालिश यांच्या जोडीचा आढावा

शरीर आयुष्यभर कामाचे राहावे म्हणून भारतीय परंपरेने व्यायाम आणि मर्दन या दोन गोष्टी एकमेकींना बांधून दिल्या. व्यायाम म्हणजे शरीराला हेतुपूर्वक, बेताने आणि नियमित दिलेले श्रम. मर्दन किंवा मालिश म्हणजे त्वचा, तिच्याखालचे स्नायू आणि सांध्यांभोवतीचा मांसल भाग हाताने, कोपराने वा पायाने दाबणे, चोळणे आणि रगडणे. मर्दनाच्या जवळच्या आणखी दोन क्रिया आयुर्वेदात सांगितल्या आहेत. अभ्यंगात तेल अंगात जिरवण्यावर भर असतो, तर उद्वर्तनात उटण्यासारख्या कोरड्या चूर्णाने अंग घासले जाते. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात हे सारे आजही कोणत्या ना कोणत्या रूपात चालू आहे, मात्र व्यायाम एकाच्या वाट्याला आणि मालिश दुसऱ्याच्या, अशी त्यांची वाटणी होऊन बसली आहे. तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावले जाते, पैलवानाला मेहनत आणि मालिश दोन्ही मिळतात, ऊसतोड कामगाराला नुसते श्रम मिळतात, आणि लातूरच्या शिकवणी वर्गात दिवसाचे दहा-बारा तास बसणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच मिळत नाही. ही जोडी मुळात कशी होती, ती तालमीपुरती का उरली, आणि आधुनिक वैद्यकाच्या कसोटीवर तिच्यातले किती टिकते, हे तपासण्यासारखे आहे.

जोडीचा शास्त्राधार फार जुना आणि बराच नेमका आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायामाने घामाघूम झालेल्या आणि त्यानंतर पायांनी अंग रगडून घेतलेल्या माणसाकडे रोग फिरकत नाहीत, अशा आशयाचे विधान आहे. नातवंडांना पाठीवर उभे करून अंग तुडवून घेणाऱ्या खेड्यातल्या आजोबांना या ग्रंथाचे नावही ठाऊक नसते, पण त्यांची रीत त्याच कुळातली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, व्यायामानंतर सर्वांगाचे सोसवेल असे मर्दन, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान असा क्रम लावून दिला आहे. या क्रमात मर्दनाला स्वतंत्र सुखोपचाराची जागा नाही. ते श्रमाच्या पाठोपाठ येते आणि श्रमाचा ताण उतरवते. आज मालिश हा शब्द ज्या अर्थाने जाहिरातींत वापरला जातो, त्यात नेमका हा आधीचा श्रमच गळालेला असतो.

व्यायाम किती करावा, याचे मापही या ग्रंथांत आहे, आणि ते 'अर्धशक्ती'चे आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की बळाचा अर्धा भाग खर्ची पडला असे समजावे. कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येणे व तोंडाला कोरड पडणे ही त्याची आणखी लक्षणे मानली जातात. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला म्हणजे व्यायाम मध्यम तीव्रतेचा झाला, ही आजच्या व्यायामशास्त्रातील साधी कसोटी याच जातीची आहे. वाग्भटाने ही अर्धी शक्तीदेखील हिवाळा आणि वसंत या ऋतूंसाठी, आणि तीही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासाठी सांगितली आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढणाऱ्या मराठवाड्यात हा ऋतुविचार जुनाट म्हणून टाकून देण्याजोगा नाही, आणि स्निग्ध आहाराची अट तर विशेष लक्षात ठेवावी लागेल, कारण ज्यांच्या ताटात ज्वारीच्या भाकरीबरोबर तेलाची धार मोजून पडते त्यांना अर्ध्या शक्तीचा हिशेबही वेगळा लागतो.

तरीही ग्रंथातले सगळेच जसेच्या तसे घेता येत नाही. वाग्भट बालक आणि वृद्ध यांना व्यायाम वर्ज्य सांगतो, आणि येथे आधुनिक संशोधन त्याच्या थेट विरुद्ध उभे आहे. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या घरात वाढली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ७० ते ८९ वयाच्या १,६३५ व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासात चालणे, ताकद आणि तोल यांचा नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये चालता न येण्याइतके अपंगत्व येण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हातारपणी स्नायू झिजतात, पण ते श्रमाला प्रतिसाद देणे सोडत नाहीत. ‘आता या वयात कशाला’ असे म्हणत सुनेने सासऱ्याच्या हातातली पाण्याची घागर काढून घेणे हा आदर असेल, आरोग्य नव्हे.

या जोडीचा राजदरबारातील सर्वांत तपशीलवार पुरावा मराठवाड्याच्या अगदी शेजारी सापडतो. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी म्हणजे निलंग्याच्या दक्षिणेस बीदर जिल्ह्यात असलेले आजचे बसवकल्याण. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे ज्या राजवटीच्या काळातली, त्याच राजवटीतील तिसऱ्या सोमेश्वराने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ रचला. त्यातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि सराव यांची चर्चा असून श्रमांचे पाच प्रकार दिले आहेत: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, दोघांनी हात-दंडांची झोंबाझोंबी करण्याचा बाहुपेल्लणक आणि खांबावरचा स्तंभश्रम. ताकद, दम, अंगाची लवचिकता आणि प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याचे कसब या चारही गोष्टी त्यात आल्या आहेत. त्याच ग्रंथात राजाच्या स्नानाच्या प्रकरणात सुगंधी तेलांच्या अभ्यंगाचे वर्णन आहे. मल्लाचा श्रम आणि राजाचे तेल एकाच पोथीत, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. पुढच्या काळात समाजात झालेल्या वाटणीची खूण म्हणून हे पाहता येते.

दोन्ही एकत्र राहिले ते तालमीत. लातूर जिल्ह्याने या परंपरेला दिलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ साली महाराष्ट्र केसरी, १९७० साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, पुढे रुस्तुम-ए-हिंद, आणि १९७७ साली बेळगावात मल्ल सतपालवर मिळवलेला विजय ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक स्थानके. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी घडवलेल्या मल्लांमध्ये लातूर जिल्ह्यातीलच अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार आणि बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांची नावे घ्यावी लागतात. आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. लातूरच्या सिद्धेश्वराच्या आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड आजही रंगतो. नांदेडात गुरुद्वाऱ्याभोवती शीख समाजाने जपलेला गतका ही शस्त्रविद्या म्हणजे शरीर कमावण्याची आणखी एक स्वतंत्र धारा होय.

तालमीतला दिवस पहाटे सुरू होतो. जोर, बैठका, मुदगल, दोर आणि मग मातीतली लढत असा मेहनतीचा क्रम असतो. माती ताक, तेल आणि हळद घालून मुरवलेली असते, आणि लढतीनंतर घामेजलेल्या अंगावर ती चोळली की अंग हळूहळू थंड होते. घाम एकदम वाऱ्याला लागू न देण्याची ही जुनी रीत आहे. त्यानंतर तिळाचे, करडईचे किंवा मोहरीचे तेल घेऊन एक पठ्ठ्या दुसऱ्याचे अंग रगडतो आणि मग पाळी बदलते. वस्तादाचे अंग धाकटे पठ्ठे रगडतात, आणि वस्ताद त्यांच्या हाताखालून कोणाच्या खांद्यात कस आहे, कोणाची कंबर धरली आहे, हे जोखत असतो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की मालिश करणे हाही दंड, खांदे आणि पंजा यांचा व्यायामच ठरतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि प्रत्येकाचे शरीर रोज दुसऱ्या जाणत्या हाताखालून जात असल्यामुळे दुखापत लवकर ध्यानात येते. बाहेरच्या जगाने तालमीकडून तेल उचलले, ही पाळीपाळीची व्यवस्था मात्र उचलली नाही.

तालीम खुली राहिली नाही याला इतिहासही कारण आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि उदगीर, निलंगा, लातूर या भागांत आर्य समाजाने चालवलेल्या व्यायामशाळांकडे निजामी राजवट संशयाने पाहत असे. १९३८-३९ च्या सत्याग्रहाच्या काळात तर शरीर कमावणे हीच राजकीय हालचाल ठरली होती. पुढे तालीम कुस्तीपुरती आणि तरुण पुरुषांपुरती उरली. स्त्रियांना तेथे जागा नव्हती, प्रौढांना काम नव्हते. खुद्द पैलवानांचेही पुढे नीट होते असे नाही, कारण चाळिशीनंतर मेहनत सुटते, खुराक सुटत नाही, आणि वजन व त्यामागोमाग मधुमेह वाढतो. तालमीने तरुणपण घडवले, पण आयुष्यभराचा आराखडा तिच्याकडे नव्हता, हे परंपरेच्या अभिमान्यांनी मान्य करायला हवे.

युरोपातही ही जोडी एकदा जुळली आणि तुटली. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये स्थापन केलेल्या शाही संस्थेत वैद्यकीय कवायत आणि अंगमर्दन एकत्र शिकवले जात होते. तेथून निघालेल्या वाटेवरच आजची फिजिओथेरपी, म्हणजे हालचाल आणि हाताळणी यांनी करावयाचा उपचार, उभी राहिली. पुढे हाताळणी मागे पडली, यंत्रे आली आणि मालिश सुखोपचारांच्या दालनात गेले.

मालिश नेमके काय करते, याबद्दलचे गैरसमज दोन्हीकडे सारखेच पसरलेले आहेत. श्रमानंतर स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल मालिशने निघून जाते, हा त्यातला सर्वांत रुळलेला समज. कॅनडातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले, की श्रमानंतर लगेच केलेल्या जोरदार मालिशमुळे स्नायूंतील रक्तप्रवाहात अडथळा येऊन हा निचरा उलट मंदावतो. २०१२ साली कॅनडातीलच मॅकमास्टर विद्यापीठाच्या अभ्यासात अकरा तरुणांच्या दमलेल्या मांडीचे स्नायू दहा मिनिटे मालिश करून त्यांचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा लॅक्टेटवर काही परिणाम दिसला नाही, पण दाह वाढवणारे पेशींमधील संदेश कमी झालेले आणि पेशींची ऊर्जाकेंद्रे, म्हणजे तंतुकणिका, वाढवणारे संदेश बळावलेले आढळले. अकरा जणांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, पण अंग हलके होते ही पैलवानाची जाणीव निव्वळ मनाचा खेळ नसावी, एवढे त्यावरून म्हणता येते.

मोठ्या संख्येचे निष्कर्ष अधिक संयत आहेत. २०२० साली शेफिल्डच्या संशोधकांनी २९ अभ्यास आणि १,०१२ व्यक्ती यांची माहिती एकत्र करून पाहिली. मालिशमुळे ताकद, उडी, धाव किंवा दम यांत वाढ होत नाही. लवचिकता किंचित वाढते आणि श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारी ठणक थोडी कमी होते, इतकेच त्यांना सापडले. २०१८ साली फ्रेंच संशोधकांच्या गटाने ९९ अभ्यासांची तुलना करून ठणक आणि थकवा कमी करण्याच्या उपायांत मालिश सर्वांत प्रभावी असल्याचे नोंदवले होते. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. मालिश ताकद देत नाही. ते उद्याच्या मेहनतीसाठी अंग मोकळे करते, आणि ज्याला उद्या मेहनतच करायची नाही त्याच्या बाबतीत हा लाभ वाया जातो.

जोडीची सर्वांत थेट परीक्षा कंबरदुखीवर झाली आहे. २००० साली कॅनडातील ओंटॅरिओत काही आठवड्यांपासून कंबर दुखणाऱ्या सुमारे शंभर रुग्णांचे चार गट केले: एकाला मालिशसह व्यायाम आणि बसण्या-उठण्याच्या पद्धतीचे शिक्षण, दुसऱ्याला नुसते मालिश, तिसऱ्याला नुसता व्यायाम व शिक्षण, आणि चौथ्याला उपचाराचा केवळ देखावा. महिन्याभरानंतर पूर्ण वेदनामुक्त झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६३, २७, १४ आणि शून्य टक्के होते. गट लहान होते आणि मुदत थोडी होती, हे खरे. पण जोडी तिच्या सुट्या भागांपेक्षा सरस ठरते, असे सूचित करणारा हा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांच्या जोडीला मालिशला जागा आहे. गुडघ्यांच्या झिजेवरचा २०१८ चा अमेरिकी अभ्यास मात्र वेगळे बजावतो: २२२ रुग्णांवर आठ आठवड्यांचे साप्ताहिक मालिश नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा सरस ठरले, पण वर्षाअखेरीस ही सरशी उरली नाही. गुडघा तगून राहतो तो मांडीच्या स्नायूंच्या बळावर, आणि ते बळ चोळून येत नाही.

आयुष्याच्या पहिल्या टप्प्यावर मराठवाड्याचा स्थानिक शहाणपणा आश्चर्यकारकपणे योग्य निघतो. करडई हे या कोरडवाहू भागाचे रब्बी पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले आणि लातुरात तेलबिया संशोधन केंद्र चालते. घाण्यावरचे करडईचे तेल बाळाच्या अंगाला लावण्याची येथे रीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी २००५ साली १२० नवजात बाळांवर केलेल्या अभ्यासात करडईच्या तेलाने मालिश केलेल्या बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्लांचे प्रमाण वाढलेले आढळले, म्हणजे तेल त्वचेतून खरोखर आत जाते. अर्थात नाक-कानात तेल सोडणे आणि टाळू दाबून भरणे या सवयींना या अभ्यासातून कोणताही आधार मिळत नाही.

त्यानंतर मोठी पोकळी येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. वयाच्या ६५ नंतर तोल सांभाळण्याच्या व्यायामाचे तीन दिवस त्यात धरते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत, जिच्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, निम्म्याहून अधिक प्रौढ निष्क्रिय आढळले होते. एवढ्या व्यायामासाठी यंत्रांची व्यायामशाळा लागतेच असे नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी घरोघर पोचवलेले सूर्यनमस्कार, खुर्चीच्या उंचीपर्यंतच्या बैठका, गोदाकाठी वेगाने चालणे आणि त्यानंतर दहा मिनिटे स्वतःच्या पोटऱ्या, मांड्या, मान व तळपाय यांचे मर्दन एवढ्याने अर्धशक्तीचा हिशेब बसतो. साठीनंतर बैठकांची उंची वाढवावी, जोर भिंतीला हात टेकून काढावेत, पण सोडू नयेत.

मालिशचे धोके तालमीबाहेर अधिक आहेत, कारण तेथे जाणता हात नसतो. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणे हे निरुपद्रवी आहे. हाड बसवणाऱ्याकडून मोडलेले वा सुजलेले कोपर रगडून घेणे तसे नाही, कारण त्यामुळे स्नायूतच हाड धरून सांधा कायमचा आखडल्याची उदाहरणे अस्थिरोगतज्ज्ञ वारंवार पाहतात. बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती चोळल्यास सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना कढत तेलाचा चटका कळत नाही. ताप, त्वचेचा जंतुसंसर्ग आणि ठिसूळ झालेली हाडे यांतही जोराचे मर्दन टाळावे लागते. नव्या तापात आणि अजीर्णात अभ्यंग नको, हे आयुर्वेदही सांगतो.

राहिला प्रश्न शरीरश्रम करणाऱ्यांचा, आणि या भागात तो सर्वांत मोठा आहे. मुखेड, कंधार, जळकोट अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कष्ट करणाऱ्याला व्यायामाची काय गरज, असे म्हटले जाते. पण रोजगाराचे श्रम आणि व्यायाम यांचे शरीरावरील परिणाम सारखे नसतात, हे गेल्या दोन दशकांत डेन्मार्कमधील संशोधकांनी ठळकपणे मांडले आहे. व्यायाम थोडा वेळ चालतो, त्याचे प्रमाण स्वतःच्या हाती असते आणि त्यानंतर विसावा असतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईचा श्रम तासन्‌तास तोच असतो, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो आणि अंग सावरायला रात्र पुरत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ या हिशेबात उचल ठरते, त्यामुळे बाळंतपणानंतर सव्वा महिन्याची शेकशेगडी आणि तेल-मालिश पुरी होण्याआधीच ती अनेकदा उसाच्या फडात परतते. वाग्भटाच्या क्रमातली श्रमाची पायरी तिने कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. तिच्यासाठी आरोग्याचा कार्यक्रम आखायचा तर तो श्रमानंतरच्या पायरीपासून, म्हणजे आठवड्याची हक्काची सुटी, गरम पाणी, पोटभर स्निग्ध जेवण आणि कंबर-मांड्या मोकळ्या करणारा कुणाचा तरी हात येथपासून सुरू करावा लागेल, आणि ओटीपोटाच्या स्नायूंना पुन्हा बळ देणारे हलके व्यायाम त्यानंतर येतील.